काचेवरची भेंडी

आमच्या देव्हाऱ्यात गणपती, अन्नपूर्णा, रांगता बाळकृष्ण आणि कुलदेवीचा टाक यांच्या शेजारी एक काच आहे. बोटभर लांब, इंचभर रुंद, पातळ आणि साधी. शाळेत कांद्याचा पापुद्रा सूक्ष्मदर्शकाखाली बघायला जी पट्टी देतात, तशीच. घरी येणारा प्रत्येक जण आधी तिच्याकडे बघतो आणि मग आमच्याकडे. नात्यातल्या एक बाई तर म्हणाल्या, "ही कोरी काच कशाला हो देवात?" मी म्हटलं, "तुम्हाला कोरी दिसते, कारण तुम्हाला वाचता येत नाही." बाई पदवीधर होत्या. नंतर मला थोडं वाईट वाटलं, फार नाही. मी जन्माची फटकळ, आणि मुलगी गेल्यापासून तर जिभेला लगाम घालावा असं कुणासाठी वाटतच नाही.

त्या काचेवर आमच्या मुलीनं डीएनएची नक्षी छापली होती. डोळ्यांना न दिसणारी, एकेक आकार केसाच्या जाडीत मावेल एवढा. आपल्या बाबांसाठी छापली होती. ती त्यांना दाखवायची राहिली आणि आमची पोर रस्त्यावरच्या अपघातात गेली. त्यानंतर त्या माणसानं देवाकडे दुसरं काही मागितलं नाही. एकदा ती नक्षी बघायची, बस.

भेंडीपासून सांगायला हवं, नाहीतर त्या नक्षीचा अर्थ लागायचा नाही.

मी भिवंडीतल्या टेमघरला वाढले, पालिकेच्या शाळेत मराठी शिकवलं. तिचे बाबा मानकोलीजवळच्या गावातले, शेतकऱ्याघरचे. आमचं लग्न झालं तेव्हा त्यांच्या दारात बैल होते. दिवाळीच्या पाडव्याला बैलांना न्हाऊ घालायचं, शिंगं रंगवायची आणि अंगावर गेरूचे ठसे उठवायचे. गावातले बाकीचे लोक ठशासाठी पेला नाहीतर वाटी घेत. माझ्या सासरी मात्र भेंडी. चांगली जून, जाडजूड भेंडी आडवी कापायची, गेरूत बुडवायची आणि बैलाच्या पाठीवर दाबायची, की पाच पाकळ्यांचं फूल उठतं. सासरच्यांना त्या फुलांचा केवढा अभिमान! जणू भेंडी यांच्याच पूर्वजांनी शोधून काढली.

मुलगी चालायला लागली तेव्हापासून पाडव्याला बाबांना चिकटून बसायची. ते विळीवर भेंडी कापून देत आणि ती छापे. एका वर्षी तिनं घाई केली, "बाबा, लवकर, बैल हलतोय," आणि त्यांचं बोट विळीवर गेलं. उजव्या हाताची अनामिका, अगदी टोकाला, तिरपी खोल चिरली. डॉक्टरकडे जातोय कोण! हळद दाबून भागवलं आणि त्याच बोटानं उरलेले ठसेही उठवले. वण कायमचा राहिला, जाड आणि तिरपा.

पुढे शेतावर गोदाम उभं राहिलं. मानकोलीला तेव्हा सगळ्यांच्याच शेतावर गोदामं उगवत होती. बैल गेले, दारात टेम्पो आला, आम्ही टेमघरला राहायला आलो. पहिल्याच पाडव्याला पोरीनं विचारलं, "आता कुणाला छापायचं?" तिच्या बाबांनी जरा विचार केला आणि टेम्पोला न्हाऊ घातलं. पण तेलकट पत्र्यावर गेरू बसेना. फूल पसरायचं, ओघळायचं, आणि पोर भोकाड पसरायची. मग दोघांनी मिळून दार सोड्यानं घासलं, कोरडं केलं, वर तांदळाच्या पिठाच्या पाण्याचा हात दिला, तेव्हा कुठे फूल धरलं. कापडाच्या लूमवाल्यांकडे माल पोचवायला गेले की लोक विचारत, "चाचा, ये गाडी पे क्या लगाया है?" हे छाती काढून सांगत, "मेरी बेटीने किया." पुढे मोठी झाल्यावर ती म्हणायची की तिची पहिली प्रयोगशाळा म्हणजे टेम्पोचं दार.

ती रसायनशास्त्र शिकली आणि मुंबईच्या एका संस्थेत संशोधनाला लागली. काय करते असं कुणी विचारलं की मी सांगायचे, "काचेवर डीएनए चिकटवते." ऐकणारा विषय बदलायचा. खरं तर मलाही तेवढंच कळत होतं. एका रविवारी जेवताना तिनं आम्हा दोघांना बसवून समजावलं. डीएनएचे छोटे तुकडे हवे तसे बनवून मिळतात. पण ते काचेवर नुसते ठेवले तर पाण्याबरोबर निघून जातात, कारण काच गुळगुळीत, तिला कशाशी देणंघेणं नाही. म्हणून काच आधी जहाल आम्लात धुवायची, मग एका रसायनात बुडवायची.

"म्हणजे काचेला हात फुटतात," ती म्हणाली. "बारीक, न दिसणारे. डीएनएच्या टोकालाही तसाच एक हात लावून घ्यायचा. मग मऊ रबराच्या ठशाला डीएनएचं पाणी लावायचं आणि ठसा काचेवर हलकाच टेकवायचा. जिथं टेकला तिथं हातात हात अडकतो."

"आनि पानी लागलं तर?" तिच्या बाबांनी विचारलं. त्यांच्या डोळ्यांपुढे टेम्पोवरून ओघळणारा गेरू असणार.

"धुतलं तरी जात नाही, बाबा. हातात हात घट्ट असतो."

हे त्यांना फार आवडलं. जेवण झाल्यावर हात धुतानाही ते पुटपुटत होते, धुतलं तरी जात न्हाय.

या सगळ्याचा उपयोग काय, तर टीबी. भिवंडीत लूमवर काम करणाऱ्यांच्या खोल्यांमधला खोकला ऐकतच ती वाढली होती. रोग्याच्या थुंकीत त्या जंतूचा डीएनए असेल तर तो काचेवरच्या आपल्या जोडीदाराला येऊन बिलगतो, त्याला रंग लावलेला असला की तो ठिपका हिरवा चमकतो, आणि कोणता ठिपका चमकला यावरून कुठलं औषध लागू पडणार नाही तेही कळतं. अशी स्वस्त काच करायची होती तिला. तिच्याच लॅबमध्ये भिवंडीची आणखी एक मुलगी होती, तिच्या अब्बांचे लूम आहेत. दोघी एकाच स्कूटरवर ठाण्यापर्यंत जायच्या. घरी आल्या की माझ्या स्वयंपाकघरात उभ्या राहून डबेच्या डबे रिकामे करायच्या आणि एकमेकींच्या प्रयोगांची टिंगल करायच्या.

त्या दिवाळीत पाडव्याला ती एक छोटी डबी घेऊन आली. आत ती काच. "बाबा, डोळे मिटा," म्हणाली आणि मग, "उघडा. तुमची भेंडी."

तिनं लॅबमध्ये उरलेल्या वेळात भेंडीच्या फुलाचा ठसा केला होता. तसली शेकडो फुलं, ओळींनी, डीएनएची, काचेवर छापली होती. तिच्या बाबांनी काच कडांना धरून ट्यूबलाइटकडे केली, तिरपी केली, चष्मा लावला, चष्मा काढला.

"हितं काय न्हाय गो, बाय."

ती इतकी हसली की तिला उचकी लागली. "असं नाही दिसायचं. लॅबमध्ये या. त्याचा जोडीदार सोडला की हिरवी चमकतील. मी पण अजून बघितली नाहीत. आधी तुम्ही बघायची, मग मी फोटो काढणार."

मग कधी येता, याचं ठरेना. आज टेम्पोचं पासिंग, उद्या गोदामवाल्याशी बोलणं. खरं कारण मला ठाऊक होतं. लाजत होते. मला हळूच म्हणाले, "तितं सगली शिकलेली मानसं. मी काय घालून जाव?" मी म्हटलं, "कपडे घालून जा म्हणजे झालं." तरी शिंप्याकडे नवा पांढरा शर्ट टाकला. शिंपी आजचा उद्या करत राहिला.

शर्ट यायच्या आधी ती गेली. कशेळीच्या रस्त्यावर, सकाळी, लॅबला जाताना. पुढे कंटेनर, मागे कंटेनर आणि मध्ये पावसाळ्यापासून न बुजवलेला खड्डा. लॅबमधल्या मैत्रिणीच्या घरी लग्न होतं म्हणून त्या दिवशी स्कूटरवर ती एकटीच होती. याहून जास्त मला सांगता येत नाही आणि सांगायचंही नाही. पुढच्या आठवड्यात तो खड्डा बुजवला, अगदी गुळगुळीत, वर पांढरा पट्टा ओढून. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. आजही तिथून जाताना माझ्या तोंडून जे शब्द येतात, ते मी वर्गात कुणाच्या तोंडून ऐकले असते तर त्याला बाकावर उभं केलं असतं.

तेराव्यानंतर तिचे कपडे, चपला, पांघरूण देऊन टाकलं. तशीच रीत आहे. तिच्या बाबांनी कशाला हात आडवा केला नाही. फक्त डबी उघडली, काच काढली आणि देव्हाऱ्यात ठेवली. लोक म्हणाले, गेलेल्या माणसाची वस्तू देवात ठेवू नये. ते म्हणाले, "ही वस्तू न्हाय. माज्या पोरीचं लिवलेलं हाय."

देव्हाऱ्यात ठेवली म्हणजे ती देवच झाली. आमच्याकडे देव नुसते बसून राहत नाहीत, रोज अंघोळ करतात. सकाळी तिचे बाबा सगळे टाक आणि मूर्ती ताम्हनात घेत, पळीनं पाणी घालत, अंगठ्यानं चोळत, पुसत, आणि अनामिकेनं हळदकुंकू लावत. त्यात काचही आली. तिच्यावर पाणी घालताना तोंडानं मंत्र नसायचा, नुसतं काहीतरी बोलणं चालायचं. आज टेम्पो पंक्चर झाला, तुजी आय जेवत न्हाय, असलं. सणाच्या आदल्या दिवशी पितळेचे देव चिंच लावून घासतात, तशी तीही घासत. मी स्वयंपाकघरातून बघायचे. थांबवावं असं मनातही आलं नाही. धुतलं तरी जात नाही, हे मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. आणि खरं सांगायचं तर मला त्यांचा हेवा वाटायचा. त्यांना रोज सकाळी हात लावायला काहीतरी होतं.

वर्ष उलटून गेल्यावर एके दिवशी तिच्या त्या मैत्रिणीचा फोन आला. इतके दिवस तिला धीर झाला नव्हता. तिचं लॅबमधलं काम संपत आलं होतं, पुढच्या महिन्यात ती नोकरीला दूर जाणार होती.

"आंटी, वो भेंडीवाली स्लाइड घर पे है ना? उसका जोडीदार मैं बना लेती हूं. अंकल को लेके आओ. मैं जाने से पहले अंकल को दिखाऊंगी."

आमच्या पोरीनं केलेला भेंडीचा ठसा आहे का, मी विचारलं. नव्हता. टेबल रिकामं करताना कुणीतरी जुना रबराचा तुकडा समजून टाकून दिला होता. म्हणजे सगळ्या जगात ती फुलं फक्त आमच्या देव्हाऱ्यात होती.

लॅबला जायच्या दिवशी सकाळी तिच्या बाबांनी गुळगुळीत दाढी केली. शिंप्याकडून आल्यापासून घडी न मोडलेला पांढरा शर्ट काढला. तो आता त्यांना ढगळ होत होता. काच पोरीच्या कामाच्या जागी जाणार, म्हणून चिंच लावून लख्ख केली, दोन वेळा धुतली, हळदकुंकू लावलं आणि नव्या रुमालात गुंडाळली. टेम्पो घेऊनच निघालो. संस्थेच्या दारात पहारेकरी म्हणाला, "माल पीछे के गेट से." मी तोंड उघडणार तेवढ्यात तेच म्हणाले, "माल न्हाय, दादा. पोरीच्या लॅबात जायचंय." त्यानं काय ओळखलं कोण जाणे, गेट उघडलं.

लॅबमध्ये मैत्रिणीनं त्यांना एका उंच स्टुलावर बसवलं. "ये उसकी जगह है, अंकल." ते आधी उठले, मग पुन्हा नीट बसले, हात मांडीवर ठेवून, शाळेत नवीन आलेल्या मुलासारखे. तिनं हातमोजे घातले, रुमाल उघडला आणि काच हातात घेतली. मी तिचा चेहरा बघत होते. आयुष्यभर मुलांचे चेहरे वाचलेत मी, उत्तर येत नाही हे मूल बोलायच्या आधीच मला कळतं.

"अंकल, इसको... धोते थे क्या?"

"रोज," ते अभिमानानं म्हणाले. "एक दिवस चुकवला न्हाय. ती बोलली व्हती ना, धुतलं तरी जात न्हाय."

"हां," ती म्हणाली. "बोलती थी."

तिनं काच हळूच धुतली. एका कोपऱ्यातला पिवळा डाग मात्र निघाला नाही. मग तिनं त्या चमकणाऱ्या जोडीदाराचं थेंबभर पाणी काचेवर सोडलं, वर दुसरी पातळ काच ठेवली आणि सांगितलं की आता थांबावं लागेल. तेवढ्यात "आंटी, चाय लाते हैं" म्हणून मला बाहेर घेऊन आली. चहाकडे गेलोच नाही. जिन्याजवळ भिंतीला टेकून ती रडायला लागली.

तिनं सांगितलं ते असं. पाण्यानं जात नाही हे खरं. गरम पाण्यानं, साबणानंसुद्धा जात नाही. पण माणसाच्या हाताच्या घामात एक पदार्थ असतो, तो डीएनए खातो, तुकडे तुकडे करून टाकतो. म्हणून तर लॅबमध्ये सगळे हातमोजे घालतात. वर चिंच, वर रोजचं घासणं. "कुछ बचा नहीं होगा, आंटी. उसको लगा नहीं होगा कि कोई हाथ लगाएगा. डब्बी में रखने की चीज़ थी." मग डोळे पुसून म्हणाली, "मेरी दूसरी स्लाइड है, लाइनोंवाली. वो लगा दूं? अंकल को क्या पता चलेगा."

कॉपी करणाऱ्या मुलांना मी कधी माफ केलं नाही. पण त्या क्षणी मी म्हणणार होते, लाव, पोरी, तुझी लाव. तेवढ्यात दारातून त्यांचा आवाज आला, "झालं का गो?" आणि आम्ही दोघी आत गेलो.

खोलीतला दिवा मालवला. सूक्ष्मदर्शकातून निळा प्रकाश काचेवर पडला. मैत्रिणीनं डोळा लावला आणि काच इकडून तिकडे सरकवत राहिली. सगळीकडे काळं. शेजारच्या पडद्यावर मलाही काळंच दिसत होतं. मग पिवळा डाग असलेला कोपरा आला आणि पडद्यावर अचानक हिरव्या रेषा उजळल्या. एकाशेजारी एक, वळत जाणाऱ्या, लखलखीत. मी पडद्याजवळ सरकले. वाटलं, राहिलंय! पोरीचं काहीतरी राहिलंय!

मैत्रिणीनं माझ्याकडे बघितलं आणि नाही अशी मान हलवली. हळूच माझ्या कानात म्हणाली, "हल्दी है, आंटी. हल्दी भी ऐसेही चमकती है." ते फूल नव्हतं. हळद लावताना उमटलेला बोटाचा ठसा होता. त्या रेषांना मधोमध छेदून एक जाड तिरपी काळी रेघ गेली होती.

"अंकल, आओ," ती म्हणाली. तिचा आवाज कापत होता.

ते स्टुलावरून उतरले, शर्ट सारखा केला, वाकले आणि डोळा लावला. खूप वेळ लावून ठेवला. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला तर शर्टाच्या आत ती पाठ थरथरत होती. 

"दिसली," ते म्हणाले. डोळा न काढता म्हणाले. "हाय, हाय. दिसली. केवडी चमकतेय!"

मैत्रीण त्यांच्या गळ्यात पडून रडली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, "तुजं भलं होवो, बाय," म्हणाले. तिनं काच एका नव्या डबीत घालून दिली. गेटपर्यंत सोडायला आली आणि टेम्पो दिसेनासा होईपर्यंत उभी होती.

परत येताना डबी माझ्या मांडीवर होती. त्यांना दिसली ना, मग झालं, असं स्वतःला सांगत होते. खोटं एवढं सोपं निघेल असं वाटलं नव्हतं. मला कुणाला काही सांगावंच लागलं नव्हतं.

कशेळीला वाहतूक तुंबली. नेहमीचंच. पुढे कंटेनर, मागे कंटेनर. टेम्पो थांबला तो नेमका त्या बुजवलेल्या जागेच्या अलीकडे. त्यांनी इंजिन बंद केलं. स्टिअरिंगवरचा उजवा हात उचलला आणि अनामिका डोळ्यांजवळ नेऊन बघत राहिले.

"ती भेंडी नव्हती गो," ते म्हणाले. "माजं बोट व्हतं. वण वलखला मी."

मी म्हटलं, "मग तिथं दिसली का म्हणालात?"

"ती पोर रडाला आलेली. आनि तू पन."

पुढची गाडी हलली. मागच्यानं हॉर्न दिला. यांनी टेम्पो सुरू केला नाही.

"तिनं हातात मोजे कशाला घातले?" त्यांनी विचारलं. "हाताला असतं ना काय तरी?"

इथंही खोटं बोलता आलं असतं. एरवी मला उत्तरांची कमी नसते. पण ज्या माणसानं आम्हा दोघींसाठी त्या अंधाऱ्या खोलीत वाकून खोटं आनंदानं सांगितलं होतं, त्याला मला फसवता येईना. मी सांगितलं. पाण्यानं गेलं नाही. हातानं गेलं.

ते ऐकून घेत होते. मग त्यांनी दोन्ही हात मांडीवर उलटे ठेवले आणि त्यांच्याकडे बघत म्हणाले, "म्हंजे मीच पुसली गो तिला. रोज थोरी थोरी."

मी म्हटलं, नाही, तुम्ही तिला जपलंत. माझं मलाच ते पोकळ वाटलं. मग मी त्यांचा हात हातात घेतला, तो त्यांनी काढून घेतला. रागानं नव्हे. त्या हातांनी आता कशाला शिवायचंच नाही, असं त्यांना वाटत होतं. मागचे सगळे हॉर्न वाजवत होते. एक रिक्षावाला येऊन खिडकीत ओरडला, "चाचा, सो गए क्या?" आणि यांचा चेहरा बघून परत गेला.

त्यानंतर देवपूजा चुकली नाही. देव रोज ताम्हनात येतात, अंघोळ करतात, हळदकुंकू लावून घेतात. काच तेवढी डबीतून काढून, फडक्यात धरून, त्यांनी एकदाच देव्हाऱ्यात ठेवली आणि पुन्हा शिवले नाहीत. तिच्यावर धूळ बसते. ती पुसू का म्हणून मी विचारलं तर नको म्हणाले. पाडव्याला मी बाजारातून जून भेंडी आणली होती, उगीच. संध्याकाळी ती तशीच टोपलीत होती. दुसऱ्या दिवशी मी तिची भाजी केली आणि दोघांनी ती खाल्ली.

परवा त्या पदवीधर बाई पुन्हा आल्या होत्या. देव्हाऱ्यापुढे उभ्या राहून म्हणाल्या, "अजून ठेवलीच आहे का ही कोरी काच?"

"हो," मी म्हटलं, "कोरीच आहे."

माझ्याकडून एवढं साधं उत्तर येईल असं त्यांना वाटलं नसावं. त्यांनी काच उचलायला हात पुढे केला. तिचे बाबा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. आयुष्यात कधी पाहुण्यावर आवाज न चढवलेला तो माणूस तिथूनच ओरडला, "हात नका लावू तिला!"

बाईंनी हात मागे घेतला.